दोनशे एक्क्याऐंशी पोती

मित्रांनो, मी एक जुना स्लॅब आहे. खरे सांगायचे तर पूर्ण स्लॅबही मी आता राहिलेलो नाही, त्यातला एक तुकडा आहे. वाचनालयाच्या दारासमोर, जिथे तुम्ही सायकली लावता, तिथे विटांच्या दोन ओट्यांवर मला आडवे ठेवले आहे. तुम्ही माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधता, पुस्तक परत करायच्या आधी शेवटची दोन पाने घाईघाईने वाचून घेता, आणि माझ्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसले की बोटाने गिरवता. परवा तुमच्यापैकीच एका मुलीने विचारले, "हा एकच आकडा पुसून परत का लिहिलाय?" तिच्या मैत्रिणीने खांदे उडवले आणि दोघी आत गेल्या. मला मात्र चैन पडेना. उत्तर मला माहीत आहे, पण सांगायला तोंड नाही. तेव्हा आज पहिल्यापासून सगळे मनाशीच सांगून टाकतो.

माझा जन्म मोडण्यासाठी झाला. घाबरू नका, मला त्याचे वाईट वाटत नाही. बाकीचे स्लॅब कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर होतात आणि आयुष्यभर "मी पडणार तर नाही ना?" या धाकात राहतात. माझा प्रश्न निराळा होता. मी पडणार हे ठरलेलेच होते. केव्हा आणि कुठून, एवढेच कुणाला ठाऊक नव्हते, आणि ते जाणून घ्यायची सगळ्यांत जास्त हौस मला होती.

त्याचे असे झाले. या वाचनालयाचा वरचा मजला आहे ना, तो तीस वर्षांपूर्वी एका इंजिनिअरने कागदावर हाताने गणित करून उभा केला होता. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. वाचनालयाला आता वरच्या मजल्यावर रुळांवर सरकणारी जड लोखंडी कपाटे आणायची होती. मजला ती पेलेल का, असे विचारल्यावर मोठे साहेब म्हणाले, "पेलेल. मीच बांधलाय." पण त्यांची मुलगीही इंजिनिअर होती. मजला किती भार आल्यावर कोसळेल हे शोधणारा प्रोग्राम तिने कॉम्प्युटरवर तयार केला होता. ती म्हणाली, "बाबा, तुमचं गणित, माझा प्रोग्राम आणि एक खरा स्लॅब, तिघांना समोरासमोर बसवू या." साहेबांनाही मौज वाटली. अशा रीतीने त्या मजल्याचा निम्म्या मापाचा भाऊ म्हणून माझी गरज पडली.

मला ओतले ते मुलीच्या प्रयोगशाळेतल्या मिस्त्रींनी. उंच, सडपातळ आणि चालतानाही सरळ रेषेत चालणारे म्हणून पाठीमागे त्यांना, भिंत सरळ आहे का ते पाहायच्या दोरीवरून, ओळंबा म्हणत. समोरून मात्र सगळे मामाच म्हणायचे. त्यांनी फळ्यांचा साचा ठोकला, त्यात बोटाएवढ्या सळ्यांची जाळी बांधली आणि मग काँक्रीट ओतले. माझा आकार जरा चमत्कारिक होता. मोठ्या चौकोनाचा एक कोपरा कुरतडून टाकल्यासारखा, कारण खऱ्या मजल्याच्या त्या कोपऱ्यातून जिना वर येतो. बाहेरच्या चारही कडा भिंतीवर टेकायच्या, पण जिन्याकडच्या दोन कडा मोकळ्या, अधांतरी. पुढे अठ्ठावीस दिवस मी ओल्या गोणपाटाखाली पडून होतो. मामा सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचे आणि मी हळूहळू घट्ट होत गेलो. घट्ट होताना दुसरे काही काम नसते. त्यामुळे प्रयोगशाळेच्या त्या शेडमध्ये बोललेला प्रत्येक शब्द माझ्या कानावर पडला.

आता थोडे अवघड सांगतो, पण लक्ष द्या. सगळी मजा इथेच आहे. स्लॅब मोडतो तेव्हा त्याचा भुगा होत नाही. तो पुठ्ठ्यासारखा काही रेषांवर दुमडतो. मोठे साहेब डोळे मिटून विचार करायचे, ह्या रेषा कुठे पडतील? मग कागदावर तीन रेषा काढायचे आणि त्या तीन रेषांवर मला दुमडायला किती भार लागेल ते मोजायचे. पण यात एक गोम आहे. मला मोडायला नेहमी सगळ्यांत सोपी वाट लागते. माणसाने ती सोडून दुसरीच वाट धरून गणित केले, तर उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येते. कधीच कमी येत नाही. म्हणजे चुकीचा अंदाज स्लॅबला उगाच पैलवान करून टाकतो.

मुलीचा प्रोग्राम एक वाट धरून बसत नसे. तो माझ्या चित्रावर शेकडो ठिपके मांडायचा, प्रत्येक ठिपका दुसऱ्या प्रत्येक ठिपक्याला जोडून पाहायचा आणि त्या हजारो रेषांमधून सगळ्यांत कमी भारात मला दुमडायला लावणाऱ्या रेषा निवडायचा. मला तो फार आवडायचा. माझ्याइतकीच चौकस अशी त्या शेडमध्ये दुसरी वस्तू नव्हती.

भार मोजायचा होता वाळूच्या पोत्यांत, एकेक पोते पंचवीस किलोचे. साहेबांचे उत्तर आले तीनशे चाळीस पोती. नवी कपाटे पुस्तकांनी भरली, की त्यांचा भार माझ्या मापात दोनशे दहा पोत्यांएवढा होणार होता. नियम असा, की मजला त्याच्या निदान दीडपटीपर्यंत टिकला पाहिजे. म्हणजे तीनशे पंधरा. साहेबांचा मजला त्यात आरामात बसत होता.

प्रोग्रामने पहिल्यांदा उत्तर दिले तेव्हा दुपारचा चहा चालला होता. दोनशे एक्क्याऐंशी. पडद्यावरच्या चित्रात साहेबांच्या तीन रेषांच्या जवळपास जाणाऱ्या तीन मोठ्या रेषा होत्याच, पण कोपऱ्यांपाशी पोचता पोचता एकेका रेषेला दोन-दोन फाटे फुटले होते, आणि कुरतडलेल्या कोपऱ्याशी तर बारीक रेषांचा नुसता गुंता झाला होता. साहेब चष्मा वर सरकवून जवळ आले.

"हे काय गं? कोंबडी चालून गेल्यासारखं?"

मामा हसले. मुलगीही हसली, पण तिचा आवाज मला बरोबर वाटला नाही.

"काहीतरी गडबड असेल," ती म्हणाली. "बघते मी."

साहेबांनी तिला शिकवले होते. ती लहान असताना त्यांच्या टेबलाखाली बसून, त्यांनी टाकून दिलेल्या कागदांच्या मागे घरे काढायची, असे त्यांनीच मामांना कितीदा तरी सांगितले होते. अशा माणसाचे गणित चुकले आहे असे कॉम्प्युटर म्हणतो, यापेक्षा कॉम्प्युटरच चुकला आहे हे मानणे सोपे. साहेब गेल्यावर तिने प्रोग्रामला एक नवी सूचना दिली. हातभरापेक्षा छोट्या रेषा धरायच्याच नाहीत. कोंबडीचे पाय गेले, तीन लांब स्वच्छ रेषा उरल्या आणि उत्तर आले तीनशे अडतीस.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी चित्र पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. "आता कसा माणसात आला तुझा प्रोग्राम."

मित्रांनो, तेव्हा मला काही कळत नव्हते. मीही साहेबांच्या बाजूचाच होतो. तीनशे चाळीस ऐकायला चांगले वाटते. कमी ताकदीचा म्हणवून घ्यायला कुणाला आवडेल?

मग तो दिवस आला. मला उचलून चार भिंतींवर ठेवले, खालून पांढरा चुना फासला, म्हणजे केसाएवढी भेग पडली तरी काळी उठून दिसावी. मी धाडकन खाली जाऊ नये म्हणून पोटाखाली लाकडी ठोकळे रचले, पण ते वीतभर खाली होते. भिंतीवर टेकलेल्या माझ्या कोपऱ्यांखाली मामांनी एकेक कागदाची चिठ्ठी सरकवली. चिठ्ठी घट्ट आहे तोवर कोपरा बसलेला आहे, सैल झाली की कोपरा उचलला जातो आहे, एवढा साधा हिशेब.

त्या शेडमध्ये एक जुनी पद्धत होती. भार चढवायच्या आधी ज्याने त्याने आपला अंदाज स्लॅबच्या कडेवर सुतारी पेन्सिलीने लिहायचा. एकदा लिहिला की लिहिला. मामांनी पहिल्यांदा लिहिले, पाचशे. ते प्रत्येक स्लॅबवर पाचशेच लिहायचे. "मी ओतलेला आहे, लवकर पडायचा नाही," असे म्हणायचे आणि दरवेळी हरायचे. मग साहेबांनी ठळक अक्षरात लिहिले, तीनशे चाळीस.

मग मुलगी आली. पेन्सिल टेकल्याचे मला जाणवले. तिने दोन हा आकडा काढला. मग आठ. मग ती थांबली. मागे साहेब मामांशी बोलत होते. तिने अंगठा ओला केला, लिहिलेले पुसले आणि त्याच जागी लिहिले, तीनशे अडतीस. हे कुणी पाहिले नाही, पण माझ्या अंगावर लिहिले होते ना? मला कळले. आणि पहिल्यांदा माझ्या मनात शंका आली की कोंबडीचे पाय कदाचित खरे असतील.

पोती चढायला लागली. तीनशेपर्यंत ती हातांनी मांडायची आणि त्यानंतर सगळे दूर उभे राहून क्रेनने सोडायची, असे ठरले होते. पडायचे तीनशे चाळीसला, तर तीनशेपर्यंत माणूस वर गेला तरी काय बिघडते? म्हणून मामा स्वतः माझ्यावर उभे राहून एकेक पोते नीट लावून ठेवत होते. दोन गडी खालून पोती देत होते आणि साहेब खुर्चीवर बसून वहीत टिपणे करत होते.

शंभर पोत्यांपर्यंत मला गंमत वाटत होती. दीडशेला पोटात पहिली बारीक कळ आली. मुलगी लांब दांड्याच्या आरशातून माझी खालची बाजू बघत होती. "पहिली भेग," ती म्हणाली, आणि साहेबांनी लिहून घेतले. भेग त्यांच्या रेषेच्या बरीच जवळून चालली होती. ते खूश झाले.

एकशे नव्वदाव्या पोत्याला जिन्यासमोरच्या कोपऱ्याखालची चिठ्ठी आपोआप सुटली आणि हेलकावे खात जमिनीवर पडली.

मुलीने ती उचलली. क्षणभर हातात धरून पाहिली आणि मुठीत चुरगाळली. मग तिने आरसा त्याच कोपऱ्याखाली नेला. माझ्या पांढऱ्या पोटावर ती भेग कोपऱ्यापाशी आली होती आणि तिला दोन फाटे फुटले होते, अगदी बारीक. पडद्यावर होते तसेच, त्याच जागी.

तिने आरसा तिथेच धरून ठेवला. दोनशे. दोनशे वीस. दोनशे चाळीस. मामा वर काहीतरी गुणगुणत होते. मी वाकत चाललो होतो आणि माझ्या सळ्या ताणल्या जात होत्या. मला सारखे वाटत होते, हिने बोलावे. मला बोलता येत नाही, मला फक्त तडकता येते. मी तडकलोही, मामांच्या पायाखालीच, पण पोत्यांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेले नाही. तिचीही अडचण मला दिसत होती. बोलायचे म्हणजे बाबांच्या मजल्याला सगळ्यांसमोर कमी लेखायचे, आणि आपण अंगठ्याने काय पुसले तेही सांगायचे. पण वर एक माणूस उभा होता, आणि आणखी चाळीसेक पोत्यांवर माझा खरा शेवट होता.

दोनशे बासष्टावे पोते वर गेले तेव्हा तिने आरसा खाली ठेवला.

"मामा, खाली उतरा."

"अजून तीनशे व्हायचेत, ताई."

"उतरा म्हणते ना. आत्ताच्या आत्ता."

साहेबांनी वहीतून डोके वर केले. "काय झालं? सगळं ठरल्यासारखंच चाललंय की."

"नाही चाललेलं, बाबा." "प्रोग्रामचं खरं उत्तर दोनशे एक्क्याऐंशी होतं. तुम्ही हसलात म्हणून मी छोट्या रेषा काढून टाकल्या. चुकत असेल असं वाटलं. पण त्या रेषा आहेत. खाली दिसतायत."

साहेबांनी तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले आता हे चिडणार. ते उठले, आरसा घेतला, गुडघ्यावर वाकून कोपऱ्याखाली बराच वेळ पाहत राहिले. उठताना त्यांनी माझ्या कडेचा आधार घेतला.

"मिस्त्री, उतरा," ते म्हणाले. "ती म्हणतेय ते बरोबर आहे."

मामा उतरले. उतरल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. उरलेली पोती क्रेनने आली, एकेक करून. दोनशे सत्तर. दोनशे ऐंशी. प्रत्येक पोत्यानंतर सगळे माझ्याकडे बघत आणि मीही माझ्याचकडे लक्ष देऊन होतो. एवढे दिवस जो प्रश्न मनात धरला होता त्याचे उत्तर आता माझ्या अंगात उतरत होते. मला भीती अजिबात वाटली नाही. मला फक्त ते नीट बघायचे होते.

दोनशे सत्त्याऐंशीला मी दुमडलो; मामांनी काँक्रीट हिशेबात धरल्यापेक्षा जरा घट्टच ओतले होते, म्हणून ती सहा पोती जास्त. आधी कुरतडलेला कोपरा, मग तिन्ही रेषा, मग कोपऱ्यांतले बारीक फाटे. ठोकळ्यांवर आदळलो, पोती घसरली आणि जिथे थोड्या वेळापूर्वी मामा गुणगुणत उभे होते तिथे वाळूचा ढीग झाला.

धूळ खाली बसल्यावर बापलेक त्या ढिगाशी येऊन उभे राहिले. साहेबांनी पायाने थोडी वाळू बाजूला सारली. मग म्हणाले, "तीस वर्षं मी समजत होतो की रेषा मीच शोधायच्या. तुझ्या ह्या यंत्राने माझ्यापेक्षा सोपी वाट शोधली." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि मी त्याला कोंबडी म्हणालो."

"तुमचा मजला आहे तसा ठीक आहे, बाबा. आत्ताच्या कपाटांना काही धोका नाही."

"ते मला माहीत आहे. नवी कपाटं वर जाणार नाहीत. पत्र मीच लिहितो."

त्यांनी खरोखरच लिहिले. सरकणारी कपाटे तळमजल्यावर बसली, आणि वर तुमची लहान मुलांची खोली झाली, बैठ्या शेल्फांची, चटया टाकलेली. तुम्ही तिथे उड्या मारता. बेलाशक मारा, एवढे पेलायला तो माझा मोठा भाऊ समर्थ आहे.

माझे पुढे काय करायचे, हा प्रश्न होता. मोडलेल्या स्लॅबला कोण विचारतो? बाकीचे तुकडे कुठल्या तरी रस्त्याच्या भरावात गेले. दोन महिने मी शेडच्या मागे गवतात पडून होतो आणि माझ्यावर रिकामे डबे ठेवलेले असायचे. तेव्हा मात्र मला एकटे वाटले. पण आकडे लिहिलेला तुकडा टाकू नका, असे साहेबांनी मामांना बजावून ठेवले होते. एक दिवस मामांनी घासूनपुसून मला इथे आणले. घासताना ते आकड्यांवरही पाणी मारणार होते. मुलगी म्हणाली, "तेवढं राहू द्या, मामा." म्हणून ते तुम्हाला वाचता येतात. पाचशे, तीनशे चाळीस, आणि पुसलेल्या दोन-आठच्या डागावरचे तीनशे अडतीस. मामा कधी आले तर माझ्यावर धप्पकन बसतात आणि म्हणतात, "अजून पडला नाही बघा." आपल्या पाचशेवर ते अजून ठाम आहेत.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती. माझ्यावर चिंगम चिकटवू नका, ते निघता निघत नाही. आणि दुसरी त्याहून मोठी. वहीत, फळ्यावर किंवा मनात एखादे उत्तर आले आणि ते कुणाला वेडेवाकडे वाटले, तर ते लगेच पुसून टाकू नका. आधी खाली वाकून, आरसा घेऊन, नीट बघा. आणि दुसऱ्याच्या उत्तराला हसू आले, तर हसण्याआधी तुम्हीही बघा.

आत्ताच ती परवाचीच मुलगी पुन्हा आली. आज तिच्यासोबत मैत्रीण नव्हती. माझ्यावर एक म्हातारे गृहस्थ पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. ते दर आठवड्याला येतात आणि नेमके कडेच्या आकड्यांपाशीच बसतात. मुलीने त्यांनाच विचारले, "आजोबा, हा आकडा का पुसलाय?"

साहेबांनी चष्मा वर सरकवला. त्या डागावरून एकदा बोट फिरवले.

"माझ्यामुळे," ते म्हणाले. "बस इथे. सांगतो."

ती बसली.